टीमला उत्तर द्यावे की प्रश्न विचारावा? : कोचिंग पद्धतीने काम करून घेण्याविषयी

मायक्रॉन

चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मशीन शॉपची जबाबदारी माझ्याकडे आहे. सीएनसी (संगणकाने चालणारे) लेथ, थोडी व्हीएमसी (उभी मिलिंग) मशीन, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला एक सेटर, म्हणजे मशीनची जुळणी करणारा कारागीर, आणि त्याच्या हाताखाली ऑपरेटर असा आमचा कारभार आहे. या विभागात चालत आलेली रीत अशी, की काही बिघडले की सेटरने साहेबांना फोन करायचा, साहेबांनी जागेवरूनच उत्तर सांगायचे आणि सेटरने ते अमलात आणायचे. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते, मशीन लगेच सुरू होते, आणि म्हणूनच या रीतीत काही खोट आहे असे कोणालाच वाटत नाही. खोट उघडी पडते ती साहेब रजेवर गेल्यावर किंवा तिसऱ्या पाळीत, जेव्हा हातात साधने असलेला, आयटीआय झालेला, अनुभवी माणूस फोन लागत नाही म्हणून मशीन बंद ठेवून बसून राहतो.

गेल्या काही महिन्यांपासून मी ही रीत बदलून कोचिंग पद्धतीने, म्हणजे आयते उत्तर न देता प्रश्न विचारून माणसाला स्वतः वाट शोधू देऊन, काम करून घेण्याचा प्रयत्न करीत आहे. त्यातला एकच प्रसंग सविस्तर सांगतो. एका हाउसिंगच्या (कवचासारख्या सुट्या भागाच्या) बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, माप सकाळी बरोबर मध्यावर असे आणि दुपारपर्यंत हळूहळू खालच्या मर्यादेकडे सरके. इन्सर्ट (हत्याराची बदलता येणारी कापणारी धार) झिजला की बोअर लहान येतो हे शॉपमधल्या प्रत्येकाला पाठ असल्यामुळे उपायही ठरलेला होता : ऑफसेट द्या (मशीनमध्ये हत्याराच्या स्थितीची दुरुस्ती भरा), नाही भागले तर इन्सर्ट बदला. पहिल्या पाळीच्या सेटरने मला हेच विचारण्यासाठी बोलावले तेव्हा मी त्याला उलट विचारले, की माप नेमके किती वाजल्यापासून सरकायला लागते. त्याला ते सांगता आले नाही, कारण आमच्या तपासणी पत्रकावर पाळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या जॉबचीच (मशीनवर होणाऱ्या नगाचीच) नोंद होत असे. दर तासाला तीन जॉब मोजून लिहून ठेवण्याची कल्पना त्याची. उत्पादन अडू नये म्हणून त्या काळात ऑफसेट देणे चालूच होते, पण प्रत्येक ऑफसेटही वेळेसह त्याच कागदावर लिहिला जात होता.

दोन-तीन दिवसांनी तो कागद घेऊन तोच माझ्याकडे आला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असे, आणि ऑफसेटचा हिशेब वजा केला तर सुट्टीनंतरचे पहिले तीन-चार जॉब पुन्हा सकाळच्या मापावर येत होते. इन्सर्ट तोच होता. ‘साहेब, झिजलेला इन्सर्ट अर्ध्या तासाच्या सुट्टीत परत वाढत नाही,’ असे तो म्हणाला. प्रश्न झिजेचा नसून मशीन तापण्याचा होता. मशीन गरम करून घेतल्यावरच पहिल्या जॉबचे सेटिंग करावे आणि सुट्टीनंतरही थोडा वेळ मशीन रिकामे चालवून घ्यावे, हा उपाय त्यानेच सुचवला. इन्सर्ट आता पूर्वीपेक्षा उशिरा बदलावे लागतात.

मी त्याला शिकवले असे म्हणता येणार नाही, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हते. माझ्याकडून त्याला मिळाले ते एक प्रश्न, थोडा वेळ, आणि कागद पूर्ण होईपर्यंत वरून कोणी ढवळाढवळ करणार नाही ही खात्री. अशा रीतीने टीम चालवणाऱ्यांचे, आणि अशा साहेबांच्या हाताखाली काम करणाऱ्यांचेही, अनुभव वाचायला आवडतील. विशेषतः ही पद्धत कोठे लागू पडत नाही याविषयी मोकळेपणाने लिहावे.

हिंजवडीची वाट

आपला प्रसंग आवडला, पण दुसऱ्या बाजूचे चित्र मांडते. आमच्या आयटी कंपनीत टीम लीड मंडळींना कोचिंगचे प्रशिक्षण दिले गेले आणि तेव्हापासून आम्हाला उत्तरे मिळणे बंद झाले. रात्री क्लायंटची यंत्रणा बंद पडलेली आहे, कॉलवर दहा माणसे आहेत, मागच्या वेळी हीच अडचण कशी सुटली हे लीडना नक्की माहीत आहे, आणि ते शांतपणे विचारतात, की तुझ्या मते आपल्यापुढे कोणकोणते पर्याय आहेत. कोड रिव्ह्यूमध्येही, म्हणजे लिहिलेल्या प्रोग्रामच्या तपासणीतही, तेच. त्यांच्या मनात एक रचना ठरलेली असते, आणि मी तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत एकामागून एक प्रश्न येत राहतात. मी वेगळे काही सुचवले तर ‘अजून थोडा विचार कर’ असे ऐकावे लागते. याला उलटतपासणी म्हणतात. त्यापेक्षा ‘हे असे कर’ म्हणून सरळ सांगणारा जुना लीड परवडला, कारण त्याच्याशी निदान वाद तरी घालता येत असे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जो माणूस महिन्यातून एकदा वन-ऑन-वनमध्ये (दोघांच्याच बैठकीत) ‘तुला कशाची भीती वाटते, कोठे कमी पडतेस’ असे आस्थेने विचारतो, तोच वर्षाच्या शेवटी माझे रेटिंग ठरवतो आणि बेल कर्व्हमध्ये (प्रत्येक श्रेणीत ठरावीक प्रमाणात माणसे बसवण्याच्या पद्धतीत) कोणाला तरी खालच्या गटात बसवणे त्याला भाग असते. अशा माणसाला मी माझे कच्चे दुवे का सांगावेत? खेळाडूच्या प्रशिक्षकाला निदान खेळाडूची पगारवाढ ठरवावी लागत नाही.

आमच्या क्षेत्रात या विषयावर बोलताना चांगला व्यवस्थापक कसा असतो यावरच्या गुगलच्या ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ गुणांच्या त्या पहिल्या यादीत ‘चांगला कोच असणे’ सर्वांत वर होते आणि तांत्रिक कौशल्य सर्वांत खाली, हे खरे आहे. मात्र तांत्रिक कौशल्य यादीत होते, हे सांगायचे राहून जाते. कोच सर्वांत वर या एवढ्या भांडवलावर, काम न समजणारी माणसेही निव्वळ प्रश्न विचारून टीम चालवू शकतात असा समज पसरला आहे.

रात्रपाळी

एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मी सिस्टर इनचार्ज आहे. वरील प्रतिसादातल्या रात्रीच्या प्रसंगाविषयी आमच्याकडे दुमत होऊच शकत नाही. रुग्णाचे हृदय थांबलेले असताना एकच माणूस हुकूम देतो, ज्याला हुकूम दिला तो माणूस हुकूम मोठ्याने परत उच्चारतो, आणि औषध दिल्यावर ‘दिले’ असे सांगतो. तेथे कोणी कोणाला मत विचारत नाही. मात्र सर्व आटोपल्यावर, हात धुऊन झाल्यावर, नव्या स्टाफला बाजूला घेऊन मी विचारते, की मॉनिटरवर तुला पहिला बदल केव्हा दिसला आणि त्या क्षणी तू काय केलेस. बहुतेक मुलींना बदल आधी दिसलेला असतो. डॉक्टरांना हाक मारायची की नाही या संकोचात वेळ गेलेला असतो. हा संकोच हुकमाने जात नाही. पुढच्या वेळी ती लवकर हाक मारते, एवढाच माझा अनुभव आहे. त्या वेळी इतर कोणी जवळ नसावे, हेही सांगते.

जुना फोरमन

मायक्रॉन साहेब, आपल्या सेटरचे कौतुक वाटले. मात्र तो सेटर होता, हे विसरू नये. त्याला बोअर गेज शून्यावर लावता येत होता, ऑफसेटचा हिशेब येत होता, आणि इन्सर्ट झिजल्यावर काय होते हे माहीत होते म्हणूनच तो त्यापलीकडे पाहू शकला. ज्याला यातले काहीच येत नाही त्याला प्रश्न विचारणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे होय.

सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे मऊ धातूचे जबडे) बोअर करण्याचेच, म्हणजे आतून गोल कापून घेण्याचेच, उदाहरण घ्या. नवीन मुलगा जॉ मोकळे ठेवून बोअर करतो, ते गोलही दिसतात, आणि जॉब पकडला की रनआउट येतो, म्हणजे तो मध्यावर नीट न फिरता डगमगतो. जॉ बोअर करताना मध्ये रिंग धरावी लागते, तीही जॉबला द्यायच्या प्रेशरवर, कारण दाब आल्यावर जॉ थोडे हलतात आणि त्या हललेल्या स्थितीतच ते बोअर झाले पाहिजेत. हे त्या मुलाने आठ दिवस विचार करून शोधून काढावे अशी अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला दाखवावे, कारण सांगावे, मग त्याच्याकडून करून घ्यावे, आणि करताना प्रत्येक पायरीला ‘हे असेच का’ हे त्याच्या तोंडून वदवून घ्यावे.

ही रीत माझी नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९४० मध्ये, अमेरिकेत कारखान्यांतल्या पर्यवेक्षकांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. अनुभवी कामगार सैन्यात जात होते आणि कधी कारखाना न पाहिलेली माणसे, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, मशीनवर उभी राहत होती. त्यांना शिकवणार कोण, तर त्यांचाच पर्यवेक्षक. म्हणून त्याला दहा तासांच्या छोट्या वर्गात शिकवण्याची पद्धत शिकवली जाई. शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि मग देखरेख हळूहळू कमी करत नेणे अशा चार पायऱ्या होत्या. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही, असे त्या वर्गात बजावले जाई. महायुद्धानंतर हे वर्ग जपानमध्ये गेले आणि टोयोटाने ते मनापासून स्वीकारले.

टोयोटाच्या पद्धतीचा अभ्यास करून माइक रॉदर यांनी २००९ मध्ये जे प्रश्न मांडले ते आज अनेक शॉपमध्ये खिशातल्या कार्डावर छापलेले दिसतात : कोठे पोहोचायचे आहे, आज कोठे आहोत, आड काय येते, त्यांपैकी आत्ता कशाला हात घालणार, पुढचे पाऊल कोणते, आणि त्यातून काय कळले हे पाहायला केव्हा येऊ. प्रश्न चांगले आहेत, पण ते घडवण्यामागे काम हाताने शिकवण्याची कित्येक दशकांची शिस्त आहे. आपल्याकडे कार्ड आले, शिस्त यायची राहिली.

आणखी एक. मशीनचे गार्ड उघडे ठेवून काम करणाऱ्याला ‘तुला यात काय धोका वाटतो’ असे विचारत बसू नये. मशीन बंद करावे आणि गार्ड लावायला सांगावे. १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच चालत्या यंत्रांना कुंपण घालणे बंधनकारक केले होते. तो चर्चेचा विषय नाही.

शिवाजी पार्क कट्टा

मराठी माणसाने कोच म्हटल्यावर रमाकांत आचरेकर सरांचे नाव या धाग्यावर अजून कसे आले नाही? सरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या शिष्यांच्या आठवणी वाचल्या तर गोड बोलून प्रश्न विचारणारा माणूस डोळ्यांसमोर येत नाही. ‘चांगला खेळलास’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळाले नाहीत, असे खुद्द सचिन तेंडुलकरांनी जाहीरपणे सांगितले आहे. सराव सामना सोडून शाळेच्या वरिष्ठ संघाचा सामना पाहायला गेल्याबद्दल सचिनना त्यांच्याकडून खरपूस बोलणी खावी लागली होती, तो किस्साही सर्वश्रुत आहे.

तरीही ते कोच होते, हुकूम सोडणारे साहेब नव्हते. संध्याकाळी सचिन दमलेले असताना स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवायचे, जो बाद करेल त्याचे नाणे, नाबाद राहिला तर सचिनचे. पाय कोठे टाकायचा, मनगट कसे वळवायचे हे त्या वेळी सर सांगत नव्हते. थकव्यातही लक्ष ढळू द्यायचे नाही ही परिस्थिती ते उभी करीत होते आणि तिच्यातून वाट काढण्याचे काम मुलावर सोपवीत होते. आपल्या स्कूटरवर बसवून मुलाला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावरच्या सामन्याला नेणे हादेखील त्याचाच भाग. कार्यालयात कोच म्हणवून घेणाऱ्यांपैकी किती जण आपल्या माणसाला इतके सामने मिळवून देतात?

शाखाधिकारी

मी एका बँकेत शाखा व्यवस्थापक आहे. माझ्या शाखेतल्या मुलांना मी विचार करायला लावावा असे मलाही वाटते; पण रोज सकाळी साडेनऊला झोनल कार्यालयाचा रिव्ह्यू कॉल असतो आणि तेथे मला विचारले जाते, की काल कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवी) किती आला, आज किती आणणार. ‘आमचा नवा अधिकारी स्वतः ग्राहकांची यादी तयार करून पाहत आहे, त्याला महिना लागेल’ असे उत्तर मी त्या कॉलवर देऊ शकत नाही. मग कॉल संपल्यावर मीही खाली तेच करतो : तू याला फोन कर, तू त्या सोसायटीत जा, संध्याकाळी आकडा दे.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी २०००मध्ये नेतृत्वाच्या सहा शैलींवर जो लेख लिहिला होता, त्यात कोचिंग ही सर्वांत कमी वापरली जाणारी शैली असल्याचे आणि त्याला वेळ नाही हेच कारण दिले जात असल्याचे नमूद आहे. माझ्या मते ‘वेळ नाही’ हे अर्धेच कारण आहे. शिकण्याच्या काळात आकडा थोडा खाली जातो, आणि तो खाली गेलेला आकडा आपल्या अंगावर झेलण्याची ताकद मधल्या अधिकाऱ्यात असावी लागते. मायक्रॉन यांच्याकडे ऑफसेट देऊन उत्पादन चालू ठेवण्याची सोय होती. माझ्याकडे ऑफसेट नाही.

हिंजवडीची वाट

शाखाधिकारी, आपले शेवटचे वाक्य माझ्या लीडना पाठवणार आहे.

टेनिसप्रेमी

मी प्रशिक्षण क्षेत्रात आहे, त्यामुळे वर ज्या प्रशिक्षणाची तक्रार झाली आहे तसले वर्ग घेणाऱ्यांपैकीच एक समजा. तक्रार रास्त आहे, पण दोष प्रश्न विचारण्याचा नाही, कोणता प्रश्न विचारला जातो त्याचा आहे.

या पद्धतीचे एक मूळ टेनिसमध्ये आहे. टिमोथी गॅलवी हे अमेरिकेतले टेनिस प्रशिक्षक. सूचनांचा भडिमार केल्याने खेळाडू अधिकच आखडतो, हे त्यांनी १९७४ च्या आपल्या पुस्तकात मांडले. पुढे जॉन व्हिटमोर, जे मूळचे मोटार शर्यतपटू, त्यांनी तो विचार ब्रिटनमधल्या कंपन्यांत नेला. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार टप्प्यांचे जे प्रारूप प्रत्येक वर्गात शिकवले जाते, ते १९९२ च्या त्यांच्या पुस्तकामुळे सर्वदूर पोहोचले.

आता मूळ युक्ती पाहा. ‘चेंडूवर लक्ष ठेव’ असे ओरडल्याने कोणाचे लक्ष राहत नाही. ‘लक्ष का ठेवत नाहीस’ असे विचारले तर खेळाडू सबबी सांगतो. पण ‘चेंडू जाळीवरून येताना कोणत्या बाजूने फिरत असतो’ असे विचारले की उत्तर देण्यासाठी त्याला चेंडूकडे पाहावेच लागते, आणि ते उत्तर विचारणाऱ्याला आधी माहीत नसते. मायक्रॉन यांचा ‘किती वाजल्यापासून’ हा प्रश्न आणि रात्रपाळी ताईंचा ‘पहिला बदल केव्हा दिसला’ हा प्रश्न नेमके याच जातीचे आहेत. दोन्ही प्रश्न माणसाला कामाकडे पाहायला लावतात. ‘तुझ्या मते पर्याय कोणते’ हा प्रश्न माणसाला साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहायला लावतो.

त्यामुळे माझ्या वर्गात मी आता एकच पथ्य सांगतो. उत्तर आपल्याला माहीत असेल तर सरळ सांगून टाका, नसेल तरच विचारा. पथ्य कडक आहे, अपवादही आहेत, पण निम्मी नाटके त्याने थांबतात.

नवखी

मी वयाने लहान आणि पदाने मोठी अशा अडचणीच्या जागी आहे. गुणवत्ता विभागात माझ्या हाताखाली जे निरीक्षक आहेत त्यांच्यापैकी दोघांची नोकरी माझ्या वयाइतकी आहे. मी त्यांना काका म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. सकाळच्या बैठकीत सर्वांसमोर मी एका काकांना विचारले, की हे रिजेक्शन कशामुळे वाढले असावे असे तुम्हाला वाटते. ते ‘तुम्हीच बघा मॅडम’ एवढेच बोलून गप्प झाले. त्यांना उत्तर येत नव्हते असे नाही. चारचौघांत विचारलेला प्रश्न आपल्याकडे जाब विचारल्यासारखाच ऐकू येतो, त्यात विचारणारी कालची पोर असेल तर अधिकच.

नंतर मी बैठकीत विचारणे सोडले. कोणता जॉब संशयित आहे ते विचारून त्यांच्या टेबलाशी जाते आणि ‘काका, हा तुम्ही बाजूला का काढलात ते मला दाखवा’ असे म्हणते. मग ते भिंग हातात देतात आणि थ्रेडच्या (आट्यांच्या) कोणत्या बाजूला बर (कापल्यावर उरलेली धारदार कड) राहिली आहे, ती कोणत्या मशीनची खूण आहे, इतके सांगतात की पत्रकात लिहायला जागा पुरत नाही. हे कोचिंग म्हणावे की नाही, मला माहीत नाही. यात अधिक मीच शिकते. पण आता अशी खूण दिसली की ते स्वतः उठून त्या मशीनच्या ऑपरेटरकडे जातात, पूर्वी फक्त लाल टॅग लावून पेटीत टाकत असत.

गेटपास

आपण सर्व अधिकारी मंडळी बोलत आहात, म्हणून खालून एक प्रतिसाद देतो. मी कंत्राटी ऑपरेटर आहे. माझा गेटपास काही महिन्यांनी संपतो, मग ठेकेदार बदलतो किंवा कंपनी बदलते. सूचनापेटीत सूचना टाका असे आम्हालाही सांगतात, पण फलकावर फोटो कायम कामगारांचेच लागतात. अशा वेळी साहेबांनी येऊन ‘तुझ्या मते काय करता येईल’ विचारले, तर मनात पहिला विचार येतो, की हे काम कमी माणसांत कसे होईल ते माझ्याकडूनच काढून घेत आहेत.

तरीही एका सेटरने मला ऑफसेट का आणि किती द्यायचा हे हिशेबासह समजावले होते, मला चुकू दिले होते आणि चुकलेला जॉब माझ्या नावावर न टाकता सेटिंगच्या जॉबमध्ये धरला होता. त्या शिकण्यावरच दुसऱ्या ठिकाणी मला सेटरच्या हाताखाली घेतले. त्यामुळे कंत्राटी माणूस निघून जाणार म्हणून त्याला शिकवण्यात अर्थ नाही, असे म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे, की आम्हाला शिकण्याचाच उपयोग होतो, मतांचा होत नाही.

मायक्रॉन

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे आभार. क्रमाने न जाता जेथे मला भर घालता येईल तेथेच लिहितो.

जुने फोरमन साहेब म्हणतात ते मान्य आहे. नव्या ऑपरेटरांना आमच्याकडेही आधी दाखवूनच शिकवले जाते आणि सॉफ्ट जॉचे आपले उदाहरण तर मी उद्या तसेच्या तसे वापरणार आहे. गार्डविषयीही वाद नाही.

हिंजवडीची वाट यांच्या मुद्द्यावर अधिक विचार करावा लागला. प्रश्न कितीही चांगला असला तरी उत्तर मिळाल्यावर निर्णय माझाच राहणार असेल, तर समोरचा माणूस माझ्या मनातलेच उत्तर शोधत राहणार. म्हणून आम्ही आधी निर्णयाच्या मर्यादा लिहून काढल्या आणि मशीनवर लावल्या. एका वेळी दहा मायक्रॉनपर्यंतचा (मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचा) ऑफसेट सेटरने कोणालाही न विचारता द्यावा, फक्त नोंद करावी. त्याहून अधिक लागत असेल तर मशीन थांबवावे आणि कारण शोधावे; त्या थांबलेल्या वेळेचा जाब त्याला विचारला जाणार नाही. मशीन थांबवण्याचा हा अधिकार मिळवण्यासाठी मला वर बरेच भांडावे लागले. शाखाधिकारी, आपल्याकडे ऑफसेट नाही हे कळले, पण एखाद्या अधिकाऱ्याकडे एखाद्या ग्राहकगटाचा निर्णय पूर्ण सोपवता येईल का, आकडा शाखेचा एकत्रित जातोच?

रेटिंगचा प्रश्न माझ्याकडेही आहे. तासाच्या नोंदींचे कागद मी मूल्यमापनाच्या फायलीत जाऊ देत नाही, ते मशीनपाशीच राहतात आणि महिन्याने फाडले जातात. हे सेटरना माहीत असल्यामुळे ते आकडे खरे लिहितात. पूर्ण उत्तर हे नव्हे. पगारवाढ शेवटी माझ्याच सहीने होते.

गेटपास, आपल्या प्रतिसादामुळे एक गोष्ट तपासायला हवी हे लक्षात आले. तासाची नोंद प्रत्यक्षात ऑपरेटर करतात आणि त्यांतले बरेच जण कंत्राटी आहेत. कागदावर नाव मात्र सेटरचे असते.

शाखाधिकारी

एका भागातल्या दुकानदारांची चालू खाती एका अधिकाऱ्याकडे पूर्ण सोपवून पाहता येतील. तिमाही संपल्याखेरीज मात्र नाही.

जुना फोरमन

मायक्रॉन साहेब, एक विचारायचे राहिले. तिसऱ्या पाळीचे काय? पहिल्या पाळीत आपण स्वतः हजर असता. रात्री आपल्या मागे हे चालते का?

मायक्रॉन

अजून चालत नाही. तिसऱ्या पाळीचा सेटर कामात तिघांमध्ये सर्वांत तरबेज आहे, पण त्याचे म्हणणे ठाम आहे, की ‘तुम्ही सांगा, मी करतो, माझ्या डोक्याला ताप नको.’ मर्यादेचा तक्ता त्याच्या मशीनवरही लावलेला आहे. त्या मर्यादेतला ऑफसेट देण्यासाठीही तो मला मेसेज करून विचारतो.

जुना फोरमन

मग त्याला प्रश्न विचारू नका, आणि उत्तरही लगेच पाठवू नका. रात्री चूक झाली तर पूर्वी त्याच्या बाबतीत काय घडले होते, ते आधी शोधा. इतका तरबेज माणूस उगाच अंग चोरत नाही; कधी तरी रात्रीच्या एखाद्या निर्णयाबद्दल सकाळच्या बैठकीत त्याला उभे केले गेले असेल. एक-दोन रात्री आपण स्वतः थांबा, त्याला ऑफसेट देऊ द्या, आणि सकाळी हँडओव्हरच्या वेळी पहिल्या पाळीच्या सेटरसमोर ‘रात्री याने दिला, मी पाहिला, बरोबर होता’ एवढे सांगून घरी जा.

मायक्रॉन

आपला तर्क खरा निघाला. आज दुसऱ्या पाळीच्या सेटरकडे चौकशी केली. मी येथे रुजू होण्यापूर्वी रात्री मशीन थांबवल्याबद्दल तिसऱ्या पाळीच्या सेटरला सकाळी सर्वांसमोर लेखी खुलासा द्यावा लागला होता. मशीन थांबवले होते ते योग्यच होते, असे आजही सर्व जण सांगतात. येत्या सोमवारपासून आठवडाभर मी तिसऱ्या पाळीला येत आहे. त्या खुलाशाची प्रत फायलीतून काढून टाकता येईल का, हे एचआरला विचारले आहे. उत्तर आले की येथेच कळवतो.